लवणासुराची मांडी

आमच्या गावच्या जुन्या विहिरीचं पाणी इतकं खारट होतं, की बायका वरणात वेगळं मीठ घालत नसत. पाहुण्याला चहा दिला तर तो बशी खाली ठेवून भाकर मागायचा. वरवट बकालच्या बाजारात आमच्या गावचा माणूस धोतरावरून ओळखू यायचा. कापड वाळलं की घडीघडीवर पांढरी खार. गावातले बैल एकदा दुसऱ्या गावी विकले गेले की परत फिरून बघत नसत, हे तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पिण्याचं पाणी नदीचं. चैत्र सरला की नदीची धार तुटायची आणि बायका वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने घागर भरायच्या. एक घागर भरेपर्यंत मागच्या बाईची कंबर धरायची. मग दरडीची चढण, मग पाऊण कोस ऊन.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा सरपंच रंगरावांनी मनावर घेतलं. नाल्याकाठच्या बाभळींखाली गोड पाण्याची पट्टी आहे असं पाणाड्याने सांगितलं होतं. मंजुरीची वाट बघायची नाही, गावानेच विहीर खोदायची असं ठरलं. रोज दोन घरांची पाळी. पाळीच्या घरातले पुरुष खाली खोदायचे, बाया वर घमेली ओढायच्या. देखरेखीला जानराव. त्याचा जन्म विहिरी खोदण्यात गेला होता आणि गुडघे कायमचे वाकले होते. त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "हे पिवळी माती हाये. उनायात भितीसारकी उभी रायते, अन् पानी मुरलं का बसते. मिरगाच्या आंदी पानी लागून दगडाचं बांधकाम झालं पायजे. नाही त इहीर आपल्याच मनानं बुजून जाईन."

हे सगळ्यांनी ऐकलं होतं. शालिग्रामानेही.

शालिग्राम माळी नदीकाठी वांगी-मिरची करायचा. वांगी चांगली यायची, पण त्याचं लक्ष वांग्यांत नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी भूगर्भवाले एक साहेब नदीकाठी तंबू टाकून राहिले होते. शालिग्राम त्यांना भाजी पोचवायचा, दगडांच्या पिशव्या वाहायचा. साहेबांनी त्याला जुन्या हाडाचे तुकडे दाखवले. दगड झालेलं हाड जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही, हे सांगितलं. तोडलेल्या टोकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, हेही सांगितलं. तिकडे चांद्याकडे डायनोसोर नावाच्या सरड्यांची हाडं निघतात, एकेक सरडा देवळाएवढा, हे शेवटच्या दिवशी सांगितलं. आणि जाता जाता म्हणाले, "काही सापडलं तर उपटून काढू नका. जिथे आहे तिथेच राहू द्या, आणि मला कळवा."

तेव्हापासून शालिग्रामाने चाटला नाही असा दगड नदीत उरला नाही. सडकेवरचा मैलाचा दगड चाटताना त्याला रोडच्या मुकादमाने पकडलं, असं सांगतात. घरात कोपऱ्यात दगडांचं टोपलं. त्याची बायको अन्नपूर्णाबाई त्यातला एक लोणच्याच्या बरणीवर ठेवायची, एक दाराला लावायची. गाव त्याला सरडेवाला म्हणायचं. तो हसून घ्यायचा. हसून घ्यायची त्याला सवय होती. गावच्या बैठकीत तो बोलायला लागला की लोक तंबाखू मळायला घ्यायचे.

विहीर पाच परस खाली गेली, म्हणजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढी, आणि जानरावाचं टिकास खट्ट वाजलं. त्या दिवशी पाळी शालिग्रामाच्या घरची होती. पिवळ्या मातीत करडं-पांढरं काहीतरी आडवं पडलेलं. दोघांनी हाताने माती सारली. माणसाएवढं लांब, मध्ये बारीक, दोन्ही टोकांना गाठाळ. मांडीचं हाड असतं अगदी तसं.

"थांब बे, मोडतो म्या याले," जानराव सब्बल उचलत म्हणाला.

शालिग्राम त्या हाडावर पालथा पडला. "जानरावदादा, हात नोको लावू."

त्याने ओंजळीने माती झटकली, थुंकी लावून एक जागा पुसली, कोरडी होऊ दिली आणि जीभ टेकवली. जीभ चिकटली. ओढली तेव्हा चट्ट आवाज झाला. एका टोकाला बोट जाईल एवढं भोक होतं, मगजाच्या नळीसारखं. शालिग्राम दोर धरून वर चढला.

वर आला तेव्हा काठावर सारं गाव जमलं होतं. तो बोलायला लागला. चांद्याचे सरडे, देवळाएवढी धडं, शेपट्या, लाखो वर्षं. साहेबाला तार करावी लागेल, तोवर विहिरीत टिकास पडता कामा नये. आणि एक नवलाची गोष्ट झाली. रंगराव सरपंच धोतर सावरून खाली मातीत बसले आणि ऐकायला लागले. तंबाखू कोणीच मळत नव्हतं.

"सरडा कायचा?" गोजरबाई म्हणाली. गोजरबाई म्हणजे गावातली एकटी राहणारी म्हातारी. तिच्या जिभेला सारे भीत. "हे लोणारचा लवणासुर हाये. देवानं मारला त धड तिकडं पडलं, मांडी इकडं उडाली. म्हनून आपल्या गावचं पानी खारट."

हे लोकांना सरड्यापेक्षा लवकर पटलं. कोणी सरडा म्हणालं, कोणी असुर, पण हाड आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं, कारण शालिग्राम सांगत होता.

"पक्कं ना रे?" रंगरावांनी विचारलं. "काम थांबवाचं म्हंजे साधी गोष्ट नाही."

"भाऊ, माही जीभ चिकटली. तुमी उतरून पाहा."

रंगराव उतरले. त्यांचीही चिकटली. तार गेली.

त्यानंतर विहिरीत टिकास पडलं नाही. शालिग्रामाने काठाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं आणि छत्री घेऊन बसला. शेजारच्या गावांहून माणसं यायला लागली. तो त्यांना दोराने खाली सोडायचा, जीभ लावायला सांगायचा, वर घेऊन समजावून सांगायचा. बायकांनी घमेल्यातून हळदी-कुंकू खाली सोडलं. नंतर नंतर इतक्या जिभा लागल्या की ते हाड दिवसभर ओलंच असायचं आणि कोणाचीच जीभ चिकटेना. तेव्हा शालिग्राम म्हणायचा, "वाळू द्या जरा. सकाळी पयल्या पारी या."

वांग्यांना पाणी द्यायचं राहून जायला लागलं. ते अन्नपूर्णाबाई द्यायची. नदीचं पिण्याचं पाणीही तीच आणायची. तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवायच्या जागी केस विरळ होऊन कातडी दिसायला लागली होती. बायका झिऱ्यावर तिला ऐकवायच्या.

"अन्नपुर्णे, तुह्या घरी सरडा निगाला न वं. आता त्याच्याच पाठीवर बसून पानी ने."

"माह्या सासऱ्याच्या तेरवीले बी एवढे दिवस कोनी खोळंबलं नवतं."

अन्नपूर्णाबाई वाटीने पाणी भरत राहायची. घरी येऊन नवऱ्याला काही सांगायची नाही. शालिग्राम विचारायचा, "लोक काय म्हनतात?" ती म्हणायची, "काय म्हनतीन. पानी भरतात."

दोन बाजार गेले. साहेबांचा निरोप आला की दौऱ्यावर आहेत, लौकर येतील. जानराव रोज काठावर येऊन आभाळाकडे बघायचा, मग शालिग्रामाकडे बघायचा, आणि वाकड्या गुडघ्यांनी परत जायचा.

मग गोजरबाई पडली. सांडलेल्या पाण्याने दरडीची वाट गुळगुळीत झाली होती. भरली घागर घेऊन चढताना तिचा पाय सरकला, घागर खाली गेली आणि ती घागरीवर. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. हाडं बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या लावून फडक्याने आवळून बांधलं. आवळताना ती ओरडली नाही; पदर दातांत धरून बसली, आणि पदर फाटला.

शालिग्राम बघायला गेला. ती ओसरीवर भिंतीला टेकून होती. हात सुजून निळा.

"शालिग्राम," ती म्हणाली, "तुह्या हाडाले कोनी धक्का लावला नाही ना?"

"नाही, गोजरमाय."

"मंग झालं. माह्यं मोडलं त मोडलं."

तो तिथून उठला तो सरळ विहिरीवर आला. जानराव चार जण घेऊन आला होता. दोर बांधणं चाललं होतं.

"आता बस झालं," जानराव म्हणाला. "बुढी पडली. उद्या कोनाची गरवार लेक पडन. काढतो म्या ते धोंडं."

तेव्हाच शालिग्रामाने बाजूला व्हायला हवं होतं. गोजरबाईचा निळा हात त्याच्या डोळ्यांसमोर होता. पण त्या हातापलीकडे त्याला मातीत बसलेले रंगराव दिसत होते, बाहेरगावची माणसं दिसत होती, आणि अजून न आलेल्या साहेबांचं तोंडही दिसत होतं, "शाबास" म्हणताना. तो जानरावाच्या पायांना हात लावू लागला.

"दादा, साहेब येऊनच राह्यला. एवढे दिवस थांबले, अजून दोन दिवस. मंग तुमी म्हनान तसं."

जानरावाने पाय मागे घेतले. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं पाया पडून घेणं बरं वाटलं नाही. तो दोर गुंडाळायला लागला.

साहेब आले ते शेगावला रेल्वेतून उतरून, पुढे मोटार, पुढे रंगरावांची बैलांची दमणी. गाव काठावर उभं. अन्नपूर्णाबाई बायकांत मागे. साहेब टोपी काढून घाम पुसत होते. शालिग्राम पुढे होऊन दोन्ही हात जोडून उभा राहिला, ओळखीचं हसून.

"हे कोण?" साहेबांनी रंगरावांना विचारलं.

"यायनंच हाड शोधलं, साहेब. तुमच्या तंबूवर वांगे आनत होते म्हनतात."

"असं होय? बरं, बरं," साहेब म्हणाले. त्यांना आठवत नव्हतं. दोन वर्षांत त्यांनी कुठल्या कुठल्या नदीकाठी कोणाकोणाची वांगी खाल्ली असतील.

साहेब दोराने खाली उतरले. मागून शालिग्राम. वरून सगळ्यांची डोकी खाली वाकलेली, विहिरीत ऊन येईना.

साहेबांनी जीभ लावली नाही. हे शालिग्रामाने सगळ्यात आधी पाहिलं. साहेबांनी हळद-कुंकू रुमालाने पुसलं, खिशातून भिंग काढलं, टोकाजवळ वाकले. मग बाजूची माती खणून पाहिली. तिथे बोटाएवढे, करंगळीएवढे, तसलेच गाठाळ तुकडे निघाले. ते त्यांनी तळहातावर घेतले.

"हे बघितले होते का?"

"हाव साहेब. बोटं असतीन त्याची, असं वाटलं."

"तोडून आत पाहिलं का?"

"नाही."

"मी सांगितलं असेल की. नेहमी सांगतो."

"सांगतलं होतं," शालिग्राम म्हणाला. "मोडवलं नाही."

साहेबांनी छोटी हातोडी काढली. आडव्या हाडाच्या मधोमध एक घाव घातला. ते दोन जागी फुटलं. आत जाळी नव्हती. पांढरट, पिठूळ, एकावर एक वेटोळी, आणि मधून आरपार भोक. साहेबांनी बाटलीतून तेजाबाचा एक थेंब टाकला. बुडबुडे येऊन फसफसलं.

"चुना आहे," साहेब म्हणाले. आवाज हळू होता, पण विहिरीत हळू बोललेलंही वर जातं. "एखाद्या जुन्या झाडाचं मूळ होतं. त्याच्याभोवती चुना साचत गेला. मूळ कुजून गेलं, चुना राहिला. हे भोक त्या मुळाचं. या पिवळ्या मातीत जुन्या हत्तीबैलांची हाडं निघतात कधी कधी. पण ते सरडे इथे कसे निघतील? ही माती त्यांच्या कितीतरी नंतरची."

"पन जीभ चिकटली, साहेब."

"चुना, कोरडी चिकणमाती, काहीही चिकटतं. जिभेने नुसता संशय घ्यायचा. खात्री आत पाहून होते." मग त्यांना शालिग्रामाचं तोंड दिसलं असावं. "चूक कोणाचीही होते. तुम्ही जागा हलवली नाही, हे चांगलं केलं."

त्यांनी हे म्हणायला नको होतं. वर कोणीतरी हसलं आणि थांबलं. शालिग्रामाला वाटलं होतं की सारं गाव हसेल, आणि हसलं असतं तर तोही सवयीने हसला असता. पण आणखी कोणी हसेना. डोकी एकेक करून मागे सरली आणि विहिरीत ऊन आलं.

साहेबांना वर घेतलं. चहा झाला. दमणी गेली. शालिग्राम खालीच उभा होता. मग जानराव उतरला, टिकास घेऊन. त्याने फुटके तुकडे घमेल्यात भरले आणि म्हणाला, "वर जा तू."

"मी खोदतो ना, दादा."

"वर जा म्हनलं ना."

त्यानंतर शालिग्रामाला विहिरीत कोणी उतरू दिलं नाही. भांडून नाही. तो टिकासाला हात घालायचा, की दुसऱ्याने ते आधीच घेतलेलं असायचं. दिवस उरले नव्हते, म्हणून आता पाळीची घरं दिवसाला दोनाऐवजी चार. शालिग्रामाच्या घरची पाळी आली की अन्नपूर्णाबाई एकटी यायची आणि दोर ओढायची.

शालिग्रामाने घरचं टोपलं नाल्यात ओतलं. मग बांबूला दोन डबे बांधून कावड केली आणि गोजरबाईचं पाणी भरायला लागला. झिऱ्यावर बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. बायका गप्प व्हायच्या, पदर सावरायच्या, त्याला पुढे जा म्हणायच्या. तो पुढे जायचा नाही. त्याच्यामुळे त्यांना मोकळं बोलताही येत नाही, हे त्याला कळत होतं, म्हणून तो रांगेपासून लांब, बायकांकडे पाठ करून बसायचा. वाटीने पाणी काढताना त्याला पहिल्यांदा कळलं की झिरा भरतो किती सावकाश.

गोजरबाईच्या ओसरीवर पाणी ओतलं की ती म्हणायची, "पुरे." दुसरं काही बोलायची नाही. हे तिचं न बोलणं गावातल्या साऱ्या शिव्यांपेक्षा जड होतं.

एका दुपारी तो घरी आला तेव्हा अन्नपूर्णाबाई दोराने सोललेल्या तळहातांना तेल लावत होती.

"मी वांगेच लावाले पायजे होते," तो म्हणाला. "माती बी चिकटते म्हने जिभेले. हे मले कसं सुचलं नाही?"

तिने तेलाची वाटी सरकवली. मग म्हणाली, "चिकटते."

"तुले काय माहीत?"

"माहीत नसन? चार लेकरं झाली मले. दर बारीले पोटात असतानी भितीची माती खात होती मी. तुमी पायलं बी हाये. चुन्याचे खडे बी खाल्ले. सारे चिकटतात."

शालिग्राम उंबऱ्यावर बसला. "मंग त्या दिवशी काऊन नाही बोलली?"

"काय बोलू? रंगरावभाऊ खाली मातीत बसले होते तुमचं आयकाले." ती तळहात एकमेकांवर चोळत राहिली. "तुमचं कोनी असं आयकलेलं म्या आजवर पायलं नवतं. म्हनलं, साहेब येईन तवा येईन. तोवर राहू द्या."

"तोवर तू पानी वायलं."

"वायलं. साऱ्याच वात होत्या." तिने वाटीत उरलेलं तेल बोटाने निपटलं. "गोजरमाय पडली त्या दिवशी सांगाले पायजे होतं मले. तवा बी नाही सांगतलं. ते माह्यावर हाये."

शालिग्रामाला तिच्याकडे वर बघता येईना. साहेबांनी ओळखलं नाही, गाव हसलं नाही, जानरावाने वर पाठवलं, ते सगळं त्याने झेललं होतं. पण ती सगळं जाणून त्याच्या खोट्या मोठेपणासाठी डोक्याचे केस घालवत होती, हे त्याला झेलता आलं नाही. तो उठला आणि कावड घेऊन पुन्हा नदीवर गेला, पाणी भरून झालेलं असताना.

मृग तोंडावर आलेला असताना विहिरीला पाणी लागलं. सकाळची वेळ, शालिग्रामाच्या घरचीच पाळी. अन्नपूर्णाबाईच्या हातातलं घमेलं वर आलं ते ओल्या वाळूचं. मागून जानरावाची हाक आली, "लागलं."

आमच्याकडे रीत अशी, की ज्या घराच्या पाळीत पाणी लागतं त्या घरच्या जोडप्याने नव्या पाण्याची पहिली पूजा करायची. पाट मांडले. वाळूतून निथरलेलं पाणी तांब्यात भरून आणलं. अन्नपूर्णाबाई सोललेले हात मांडीत घेऊन एका पाटावर बसली. दुसरा पाट रिकामा. लोक एकमेकांकडे बघत होते. रंगरावांनी घसा खाकरला, पण नाव कोणी घेईना.

शालिग्राम त्याच वेळी नदीकडून येत होता. गर्दी पाहून तो बाभळीआडच्या वाटेने वळला. खांदा कावडीने वाकलेला, नजर पायांत.

"शालिग्राम," गोजरबाईने हाक मारली. ती कामट्यांतला हात छातीशी धरून काठावर बसली होती. "ठेव ते खाली."

"तुह्यं पानी हाये, गोजरमाय."

"मले दिसते कोनाचं हाये ते. ठेव. अन् बस तिच्या बाजूले."

तो उभाच राहिला. "मी कसा बसू? मी इहीर अडवली. लोकायच्या तोंडापुढं—"

"लाजतो त लाज ना, कोन नाही म्हनते?" म्हातारी म्हणाली. "जल्मभर लाज. पन तिले काऊन एकली बसवतो? पाटावर बसून लाज."

त्याने कावड उतरवली. डब्यांतलं पाणी हिंदकळून पायांवर सांडलं. तो येऊन पाटावर बसला. पूजा होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. कुंकवाचं बोटही त्याने चाचपडतच लावलं. अन्नपूर्णाबाईने तांब्यातलं पाणी आधी गोजरबाईच्या डाव्या हातावर घातलं, मग जानरावाला दिलं, मग साऱ्या गावाला थोडं थोडं. सगळ्यात शेवटी नवऱ्याच्या ओंजळीत.

पाणी गोड होतं, असं सगळेच म्हणाले. जानराव तर म्हणाला, उसासारखं. दगडाचं बांधकामही पहिल्या पावसाच्या आत कसंबसं उरकलं आणि विहीर टिकली. शालिग्रामाला पुढे वर्षानुवर्षं कोणी विचारलं, की पहिलं पाणी कसं होतं रे, तर तो खरं तेच सांगायचा.

"मले त्या दिवशी चव नाही समजली, बाप्पा."